इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आणि भाड्याची बाईक: काही महिने वापरून झाल्यावर

परदेशात बाईक भाड्याने घ्यायची म्हणून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, गेले काही महिने माझ्या बॅगेत आहे. जपान, थायलंड आणि इटलीत ते दाखवून बाईक घेतल्या. व्हिएतनाममध्ये ते जवळ असूनही घेतली नाही, त्याचं कारण पुढे येईलच. पुस्तिका कामाची आहे, फक्त ती कुणाला दाखवायची असते हे आधी समजून घ्यायला हवं. बऱ्याच दुकानदारांना तिच्यात रस नसतो, अनामत मिळाली की ते किल्ली देतात. ती खरोखर उघडून वाचणारे दोघंच: रस्त्यावरचा पोलीस, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीत क्लेम तपासणारा माणूस. म्हणून 'तिकडे कुणी काही विचारत नाही' हा सल्ला बऱ्याचदा खरा असूनही बिनकामाचा आहे.

दिसायला पुस्तिका अगदी साधी. राखाडी कव्हर, आत एकच मजकूर वेगवेगळ्या भाषांत, आणि शेवटच्या पानावर फोटो, नाव आणि 'ए' ते 'ई' असे गाड्यांचे वर्ग. सगळी गंमत या शेवटच्या पानात आहे. 'ए' म्हणजे मोटरसायकल, साइडकार असो वा नसो. 'बी' म्हणजे कार. ज्या वर्गासमोर शिक्का, तेवढंच चालवायचं. फक्त 'बी'वर शिक्का असेल तर बाईकसाठी ही पुस्तिका असून नसल्यासारखी. ताब्यात घेतानाच, खिडकीसमोरून हलायच्या आधी, हे पान उघडून बघावं.

हा स्वतंत्र परवाना नाही, मूळ परवान्याचा अधिकृत अनुवाद आहे. मूळ परवान्यावर मोटरसायकल नसेल तर इथे 'ए' मिळत नाही, आणि मूळ परवाना सोबत नसेल तर ही पुस्तिका एकटी चालत नाही. मूळ म्हणजे प्रत्यक्ष कार्ड. मोबाईलमधला फोटो काउंटरवर चालून गेला तरी पोलिसासमोर चालेल या भरवशावर राहू नये. ज्या देशाचा परवाना, त्याच देशात आयडीपी निघतं. इंटरनेटवर दहा-वीस वर्षं मुदतीची चकचकीत प्लास्टिक कार्डं विकणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. खऱ्या आयडीपीची मुदत रस्ता वाहतुकीच्या 1949च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एक वर्ष, आणि 1968च्या करारानुसार जास्तीत जास्त तीन.

आता हे करार. बहुतेकांना इथेच ठेच लागते. 1949चा जिनिव्हा करार आणि 1968चा व्हिएन्ना करार, दोघांच्या पुस्तिका दिसायला जवळजवळ सारख्या, पण कोणता देश कोणती मानतो ते ठरलेलं आहे. जपान फक्त 1949ची मानतो. व्हिएतनाम 1968ची. थायलंड दोन्ही करारांत आहे. माझी पुस्तिका 1949ची, त्यामुळे जपानमध्ये काही अडलं नाही. तिथे माझ्या पुढे रांगेत एक जर्मन जोडपं होतं. जर्मन परवान्यावर जपानमध्ये आयडीपी चालत नाही, मूळ परवान्याचा जपानी अनुवाद लागतो. त्यांनी तो जपान ऑटोमोबाईल फेडरेशनकडून आधीच करून आणला होता, म्हणून त्यांनाही बाईक मिळाली. व्हिएतनाममध्ये चित्र उलटं. गेस्टहाउसवाला हसत हसत स्कूटर द्यायला तयार होता, पण कायद्याच्या नजरेत माझ्या पुस्तिकेला तिथे किंमत नव्हती. मग चालकासकट बाईक ठरवली आणि मागे बसून फिरले. घाटात हँडल दुसऱ्याच्या हातात असलं की हात शिवशिवतात, पण झोप शांत लागली.

कारण शेवटी सगळं येऊन थांबतं विम्यावर. 'इन्शुरन्स इन्क्लुडेड' हे दोन शब्द ऐकले की पुढचा प्रश्न विचारायचा: कुणाचा आणि कशाचा? थायलंडमध्ये गाडीला जो सक्तीचा विमा असतो तो माणसाच्या इजेपुरता. भाड्याची बाईक मोडली किंवा समोरच्याच्या कारचा दरवाजा चेपला तर त्यात काही मिळत नाही. जपानमध्ये थर्ड पार्टी विमा भाड्यातच धरलेला होता, वर जास्तीचे पैसे भरून बाईकच्या नुकसानीची जबाबदारीही कमी करून घेता आली. तरीही 'नॉन-ऑपरेशन चार्ज' नावाचा आकार वेगळाच राहतो. बाईक दुरुस्तीला गेली की तेवढे दिवस दुकानाचा धंदा बुडतो, त्याची ही भरपाई.

स्वतःच्या दवाखान्याच्या खर्चासाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स असतोच, पण त्यातलं मोटरसायकलचं कलम शोधून वाचायला हवं. अनेक पॉलिसींत 125 सीसीच्या वरच्या बाईक वगळलेल्या असतात किंवा जादा हप्ता मागतात. हेल्मेटची अट असते. आणि जवळपास सगळीकडे एक वाक्य असतं: त्या देशात वैध असलेला परवाना हवा. माझ्या लेखी आयडीपीची खरी किंमत या एका वाक्यात आहे. मी निघण्याआधी विमा कंपनीला ईमेल करून देश, बाईकचं इंजिन आणि परमिटचा प्रकार सांगून लेखी उत्तर घेतलं. फोनवर 'हो मॅडम, कव्हर्ड आहे' म्हणणाऱ्याचं बोलणं क्लेमच्या वेळी कोण ऐकणार?

अनामतीची तऱ्हा निराळीच. काही ठिकाणी पासपोर्ट ठेवून घ्यायची पद्धत आहे. मी दिला नाही. पासपोर्ट आपला नसतो, सरकारचा असतो, आणि वाद झाला की तोच ओलीस राहतो. झेरॉक्स आणि रोख अनामत यावर बहुतेक जण तयार होतात, न होणाऱ्याला नमस्कार करून पुढचं दुकान गाठायचं. इटलीत क्रेडिट कार्डच मागितलं, तेही चालवणाऱ्याच्याच नावाचं. रक्कम कापत नाहीत, अडवून ठेवतात, आणि ती सुटायला बाईक परत केल्यावरही वेळ जातो. तेवढी जागा कार्डावर मोकळी हवी.

बाईक ताब्यात घेताना एक कागद भरतात. त्यावर बाईकची डावी-उजवी बाजू रेखाटलेली असते आणि जिथे ओरखडा तिथे फुली मारायची. एका दुकानात त्या पोराने दोनच फुल्या मारून पेन पुढे केलं. मी खाली बसून सायलेन्सरचं कव्हर, लीव्हरची टोकं, आरशांच्या मागची बाजू, फूटपेगचं रबर असं सगळं त्याच्यासमोर व्हिडिओत घेतलं आणि फुल्या वाढवायला लावल्या. परत देताना दुसराच माणूस होता. त्याने सरळ सायलेन्सरवरच्या चऱ्यावर बोट ठेवलं. मी कागदावरची फुली दाखवली, मग व्हिडिओ. तो काही बोलला नाही, अनामत मोजून दिली. त्या ठरावीक चऱ्याचे पैसे आजवर किती जणांनी भरले असतील, देव जाणे.

सीमा ओलांडायची असेल तर मालकाचं लेखी परवानगीपत्र, गाडीची नोंदणी आणि पलीकडे चालणारा विमा, तिन्ही लागतात. युरोपात त्या विम्याच्या पुराव्याला ग्रीन कार्ड म्हणतात. 2020पासून ते साध्या पांढऱ्या कागदावरही चालतं, त्यामुळे हिरवा कागद मिळाला नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका. त्यावर जाणार त्या देशाचं नाव खोडलेलं नाही ना, तेवढं बघा.

टिकाऊपणाबद्दल: पुठ्ठा घामाने मऊ पडलाय आणि फोटोचा एक कोपरा सुटायला लागलाय. शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर आहे, म्हणून डिंक लावायचा मोह आवरून झिपच्या पिशवीत ठेवलंय. मुदत संपत आली की नवीन काढेन, तेही 'ए'चा शिक्का बघूनच घेईन.