नोकरी सांभाळून कुटुंब आणि मानव विकासाचं पदव्युत्तर शिक्षण: कोल्हापुरातून कोणता रस्ता धरावा?

अंगणवाडीच्या मुख्यसेविका, शाळेतले शिक्षक, सीपीआर रुग्णालयातल्या परिचारिका, बालगृहातले कार्यकर्ते. माणसांच्या घरादाराशी रोज संबंध येणाऱ्या अशा अनेकांना नोकरी न सोडता या विषयात मास्टर्स करायचं असतं. ते करता येतं. मात्र माहितीपत्रकं चाळण्याआधी, पदवी मिळाल्यावर नक्की कोणतं काम करायचं आहे ते ठरवा. आपल्याकडे भरतीच्या जाहिरातीत पदवीचं नाव बघितलं जातं आणि प्रत्येक पदासाठी ते वेगळं असतं.

कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या पदाला समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू, आणि कौटुंबिक समुपदेशनाचा किमान 2 वर्षांचा अनुभव लागतो. सीबीएसई शाळेतल्या समुपदेशकासाठी मानसशास्त्राची पदवी चालते. बालविकासातली पदव्युत्तर पदवी किंवा करिअर मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका 2026 पूर्वीच्या नियमांत चालत होती, म्हणून ताजा नियम बघून घ्या. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी हवीच. खाली ज्या पदव्यांबद्दल लिहिलं आहे, त्यातली एकही तिथवर नेत नाही.

कोल्हापूरकरासाठी खरी तुलना दोन एमएसडब्ल्यूंमध्ये आहे, सायबर या संस्थेची आणि इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची दूरस्थ. सायबर गावातच, ज्या चौकाला तिचं नाव पडलं तिथे. इथला एमएसडब्ल्यू नियमित आहे. दिवसा तास, हजेरी, आणि समाजकार्याच्या कोणत्याही नियमित अभ्यासक्रमाप्रमाणे आठवड्यातले काही दिवस क्षेत्रकार्य. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला हे बिनपगारी रजेशिवाय जमत नाही. इग्नूचा एमएसडब्ल्यू कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला आहे, 2 ते 4 वर्षांत पुरा करता येतो आणि समुपदेशनावर भर देणारी त्याची वेगळी शाखाही आहे. साहित्य आणि परीक्षा इंग्रजी-हिंदीत. मराठी माध्यमातून बीए केलेल्यांनी घाबरू नये, हिंदीतलं साहित्य समजतं. लिहिण्याचा सराव मात्र पहिल्या महिन्यापासून ठेवावा लागतो.

दोन्हींत क्षेत्रकार्य आहे आणि नोकरदार माणूस नेमका तिथेच अडतो. स्वाध्याय रात्री जागून लिहिता येतात. संस्थेत जाऊन, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली केसेस हाताळून त्याची नोंदवही भरणं मात्र रात्री होत नाही. "मी रोज हेच काम करते, तेच दाखवीन," असं अनेक जणी म्हणतात. ते मान्य होईल असं गृहीत धरू नका, अभ्यास केंद्रावर आधी लेखी विचारून घ्या. माझं मत विचाराल तर वेगळ्या संस्थेतच जा. अंगणवाडीत वजन-उंचीच्या नोंदी करणारीला बालगृहात गेल्यावर कुटुंब तुटल्यानंतरचं मूल दिसतं. चेतना विकास मंदिरासारख्या विशेष मुलांच्या शाळेत गेल्यावर त्या मुलांच्या आयांचं एकटेपण दिसतं.

पुस्तकातला सिद्धांतही तिथेच उलगडतो. मूल ज्या जागी कधी पाऊल टाकत नाही, ती जागाही त्याची वाढ घडवते, असं मानसशास्त्रज्ञ ब्रॉन्फेनब्रेनर यांनी मांडलं. इचलकरंजीत बापाची यंत्रमागावर रात्रपाळी असेल, तर घरात दिवसभर आवाज न करता वावरणाऱ्या मुलाकडे पाहून ते लगेच पटतं. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर आलेल्या मुलांचंही तसंच. त्यांची शाळा, झोप, जेवण सगळं कारखान्याच्या वेळापत्रकावर चालतं. क्षेत्रकार्य चुकवून पदवी मिळवणं मला म्हणूनच पटत नाही.

मानसशास्त्राच्या दूरस्थ एमएचा विचार असेल तर तो सोडा. 2025च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित अनेक विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केली आहे. जुन्या जाहिराती नेटवर अजून फिरत आहेत, त्यांना भुलू नका. बंदीच्या यादीत समाजकार्याचं नाव नाही. तरीही कुठलाही दूरस्थ अभ्यासक्रम निवडताना त्या सत्रासाठी यूजीसीची मान्यता आहे का, हे यूजीसीच्याच संकेतस्थळावर बघून मगच पैसे भरा.

ज्यांना बालविकासच हवा, त्यांच्यासाठी मानव विकासातली एमएस्सी. मुंबईत जुहूला एसएनडीटी, जिथे फक्त महिलांना प्रवेश आहे, आणि बडोद्यात सयाजीराव विद्यापीठाचा मानव विकास आणि कुटुंब अभ्यास विभाग. विषयाची खोली इथे सगळ्यांत जास्त. पण हे पूर्णवेळ शिक्षण आहे. शनिवारी महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून ते होणार नाही. दोन वर्षं मोकळी असतील तरच.

अमेरिकन विद्यापीठांचे याच नावाचे ऑनलाइन मास्टर्स नोकरदारांसाठीच बेतलेले असतात. तासांची सक्ती कमी आणि अभ्यासक्रम खरोखर उत्तम. शुल्क मात्र डॉलरमध्ये आणि इथल्या सरकारी भरतीत ऑनलाइन परदेशी पदवीला समकक्षता मिळणं अवघड. शिवाय या पदवीने तिकडेही कुटुंब-उपचारकाचा परवाना मिळत नाही, त्याचं शिक्षण वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय संस्थेत काम करणाऱ्यांनीच याचा विचार करावा.

शिवाजी विद्यापीठाचं दूरस्थ समाजशास्त्र एमए स्वस्त आणि मराठीतून. बढतीसाठी नुसती पदव्युत्तर पदवी हवी असेल तर पुरेसं आहे, समुपदेशन शिकायचं असेल तर नाही.

कुटुंब ही घरातली खासगी बाब, असं म्हणून हात झटकणाऱ्यांचं हे संस्थान नव्हतं. स्त्रियांच्या छळाला आळा घालणारा कायदा शाहू महाराजांनी 1919 साली केला. आज त्याच करवीरात तालुक्याच्या गावी प्रशिक्षित कुटुंब समुपदेशक शोधावा लागतो. म्हणून तुमच्यापैकी जितके जण एमएसडब्ल्यूकडे वळतील तितकं मला हवं आहे. रजा मिळत असेल तर सायबर, नसेल तर इग्नू.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असाल तर प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी पूर्वपरवानगी घ्या. नाहीतर सेवापुस्तकात पदवीची नोंद करून घेताना अडचण येते. दूरस्थ प्रवेशाला यूजीसीचा डेब आयडी, म्हणजे तिच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो. तो काढायला आधी शैक्षणिक क्रेडिट बँकेतलं खातं हवं आणि तिथलं नाव आधारशी जुळायला हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे काम प्रवेश सुरू होण्याच्या महिनाभर आधी हातात घ्यावं.