कमांड प्रॉम्प्टची सेटिंग्ज हरवली: जुना कन्सोल ठेवावा की विंडोज टर्मिनल घ्यावं?

फॉन्ट मोठा केला, रंग बदलले, आणि आज सीएमडी (म्हणजे कमांड प्रॉम्प्ट) उघडलं तर सगळं पहिल्यासारखं. अशा वेळी सेटिंग बहुधा पुसलेलं नसतं, तुम्ही दुसरीच खिडकी उघडलेली असते. वर टॅब आणि त्याशेजारी अधिकचं चिन्ह दिसतंय? मग ते विंडोज टर्मिनल. नुसती टायटल बार असेल तर जुना कन्सोल. ऑक्टोबर २०२२ पासून विंडोज ११ मध्ये (२२एच२ आवृत्ती) टर्मिनल डीफॉल्ट होऊ लागलं, आणि जुन्या कन्सोलमध्ये निवडलेले रंग-फॉन्ट ते वाचतच नाही. ‘अपडेटनंतर गेलं’ असं वाटतं ते त्यामुळे.

जुन्या कन्सोलची खरी कटकट म्हणजे एकाच गोष्टीच्या नोंदी तीन ठिकाणी असतात. टायटल बारवर राइट क्लिक करून ‘डीफॉल्ट्स’मध्ये केलेला बदल रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात), तुमच्या युजरच्या ‘कन्सोल’ की म्हणजे कप्प्यामध्ये जातो. ‘प्रॉपर्टीज’मधला बदल मात्र खिडकी कशी उघडली त्यावर ठरतो: शॉर्टकटवरून उघडली असेल तर थेट त्या शॉर्टकटच्या फाइलमध्ये, ‘रन’मधून (विंडोज+आर) उघडली असेल तर रेजिस्ट्रीत त्या खिडकीच्या नावाच्या उपकीमध्ये (आतल्या कप्प्यात). शॉर्टकट किंवा उपकीत नोंद असली की डीफॉल्ट्सला कोणी विचारत नाही. म्हणून डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमधून उघडलेलं सीएमडी हिरवं आणि ‘रन’मधून उघडलेलं काळं, असा प्रकार होतो. दुसऱ्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड देऊन उघडलंत तर रेजिस्ट्रीही त्या खात्याची. आणि ‘कलर’ कमांडने दिलेला रंग खिडकी बंद होताच जातो, तो जपला जाईल ही अपेक्षाच चूक.

टर्मिनलमध्ये सगळं ‘सेटिंग्ज डॉट जेसन’ या एका फाइलमध्ये असतं. प्रोफाइल्सखालच्या (प्रत्येक शेलच्या सेटिंग्जचा संच म्हणजे प्रोफाइल) डीफॉल्ट्समध्ये फॉन्ट बदला, सीएमडी आणि पॉवरशेल (विंडोजचं दुसरं कमांड शेल) दोन्हीला लागू होतो. एखाद्या प्रोफाइलला वेगळा फॉन्ट दिला असेल तर तेवढं सोडून. ही फाइल हाताने बदलताना कंस चुकला तर टर्मिनल चूक झाल्याचा संदेश दाखवून मूळ सेटिंग्जवर चालतं. चूक दुरुस्त केली की आपलं रूप परत येतं. विंडोज १० वर हे ॲप स्टोअरमधून घ्यावं लागतं.

देवनागरी नावांच्या फायली हाताळत असाल तर निवड आणखी सोपी: जुन्या कन्सोलमध्ये बऱ्याचदा नुसते चौकोन दिसतात. टर्मिनलमध्ये अक्षरं दिसतात, मात्र जोडाक्षरांची जागा अधूनमधून चुकते.

माझं मत टर्मिनलच्या बाजूने आहे. जुन्या बॅच फाइल्ससाठी (कमांड्सची यादी असलेल्या फायलींसाठी) ठरावीक मापाची खिडकीच हवी असेल, तर टर्मिनलच्या ‘स्टार्टअप’ पानावर डीफॉल्ट टर्मिनल म्हणून कन्सोल होस्ट (जुना कन्सोलच) निवडा, नेहमी एकाच शॉर्टकटवरून उघडा आणि त्या शॉर्टकटची एक प्रत बाजूला ठेवा. टर्मिनल घेतलंत तर प्रत जेसन फाइलची.