रात्री गरवायला: हेडटॉर्च की चार्जिंगचा कंदील?

रात्री काठी आणि गरी घेऊन मासे धरायला बसायचं तर दिवा कोणता घ्यावा? आधी कायद्याचं. एलईडी आणि इतर कृत्रिम प्रकाशाने मासळी गोळा करून धरायला केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली आणि महाराष्ट्राने 2021 च्या दुरुस्तीत दंड लाखांवर नेला. रोख आहे तो बोटींवरच्या जनरेटर-दिव्यांवर, काठावरून एका काठीने गरवणाऱ्यावर नव्हे. पण पाण्याकडे तोंड करून रात्रभर पेटता ठेवलेला दिवा आधी प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, ओढतो, मग बारीक मासळी, तिच्या मागून मोठी. म्हणजे काम तेच. दिवा हातापायांपुरता ठेवला की प्रश्न येत नाही, आणि हे हेडटॉर्चला आपोआप जमतं. कंदिलाला आडोसा करावा लागतो.

कंदिलाची बाजू लंगडी नाही. आमिषाचा डबा, सुरी, शिसं सगळं एका उजेडात दिसतं, दोन्ही हात मोकळे, आणि पाखरं त्याच्याभोवती जमतात. हेडटॉर्चला तीच पाखरं नाकातोंडात येतात. पावसाळ्याच्या तोंडावर खाडीकाठी हा त्रास चांगलाच होतो. तिघे-चौघे जेटीवर बसणार असाल तर एक कंदील पुरतो. शिवाय हेडटॉर्च लावून समोरच्याशी बोलायला मान वळवली की त्याचे डोळे दिपतात, तेही टळतं.

मग अडतं कुठे? सावलीत. कंदील पाठीमागे ठेवला तर आपलीच सावली हातावर पडते. पुढे ठेवला तर डोळे दिपून पाण्याची काळी भिंत होते, आणि वर चढणारी लाट दिसत नाही. बाजूला ठेवावा तर मासा त्या बाजूला येईल असं नाही. तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या दोरीची, गाठ एकवेळ चाचपून मारता येते, पण शिंगाळा (काटेवाला मासा) गरीला लागला की चाचपडून चालत नाही. त्याचे पाठीवरचे आणि बाजूचे काटे करवतीसारखे, विषारी. सावलीत हात घातला की काटा तळव्यात. (लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा, तुटका काटा आत राहतो.) हेडटॉर्चचा उजेड नजर जाईल तिथे जातो, सावली हातावर येत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

दुसरं कारण भरतीचं. ओहोटीत कातळावर ठेवलेला कंदील भरती लागली की उचलून वर न्यावा लागतो, नेमका मासा लागलेला असतो तेव्हा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर फार गाफील राहू नये. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत तेवढी घाई नसते.

हेडटॉर्चमध्ये लाल दिवा असलेलाच बघा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. पांढरा झोत एकदा पडला की ती कमाई गेली. मंद लाल उजेडात ती बरीचशी टिकते, आणि आमिष लावायला तेवढा पुरतो. कातळ उतरताना मात्र पांढराच हवा, शेवाळ लालमध्ये नीट कळत नाही. काठीच्या शेंड्यावर झोत मारत बसू नका. तिथे चमकती कांडी किंवा घुंगरू बांधा. होडीत असाल तर लाल दिवा खाली, होडीच्या आतच वळलेला ठेवा, कारण दुरून तो होडीच्या डाव्या बाजूचा दिवा वाटू शकतो. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूवर कासवांच्या हंगामात दिवा शक्यतो नकोच. पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे चालतात.

खारं पाणी दोघांनाही सोडत नाही. चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट बसलं नाही की आत हिरवा गंज धरतो. घरी आल्यावर झाकण बंद ठेवून गोड्या पाण्याने धुवा, पुसा, पूर्ण वाळल्याशिवाय चार्जर लावू नका. दिवा पाणी किती सोसतो ते त्यावरच्या आयपीएक्स आकड्यावरून कळतं. आयपीएक्स 4 म्हणजे फक्त शिंतोडे. पाण्यात पडण्याची शक्यता असेल तर आयपीएक्स 7 घ्या. आणि कोणताही घेतलात तरी खिशात एक छोटी जादा टॉर्च हवीच, कारण दिवा विझतो तेव्हा परतीची वाट कातळावरूनच असते.

घेताना दुकानात एक गोष्ट तपासा: लालसाठी वेगळं बटण आहे का. बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये लालपर्यंत पोचायला आधी झगझगीत पांढऱ्यातून जावं लागतं, आणि तसा असेल तर लाल दिव्याचे पैसे देऊ नका.