ब्रिटिश फितुरांवरचा रविवारचा वर्ग: जरूर करा, पण शेवटच्या सेशनबद्दल तक्रार आहे

टिळक रोडवरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी भरणारा हा चार सेशनचा वर्ग नुकताच संपला. विषय दुसऱ्या महायुद्धात शत्रूला जाऊन मिळालेले ब्रिटिश लोक. फी बाराशे, झेरॉक्स त्यातच आल्या. मॅडम कायद्याच्या प्राध्यापक होत्या, आता रिटायर झाल्यात, शिकवतात मराठीतच पण कागद मूळ इंग्रजी हातात देतात आणि आपल्याकडून वाचून घेतात. इतिहासाच्या नावाखाली नुसते किस्से सांगणारे कार्यक्रम पुण्यात ढिगाने होतात, हा त्यातला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं सेशन विल्यम जॉइसवर, म्हणजे बर्लिन रेडिओवरून इंग्रजीत नाझींचा प्रचार करणारा, लॉर्ड हॉ-हॉ या टोपणनावाने ओळखला जाणारा माणूस. मॅडमनी आधी त्याचं ३० एप्रिल १९४५ चं शेवटचं भाषण ऐकवलं. हॅम्बुर्गमधून बोलतोय, प्यायलेला आहे हे लगेच कळतं, शब्द ओढतो, मध्येच थांबतो, आणि शेवटी हाइल हिटलर म्हणून निरोप घेतो. मग त्याच्या खटल्याचे कागद काढले आणि खरा वर्ग तिथे सुरू झाला. हा माणूस जन्मला न्यूयॉर्कला, वडील अमेरिकन नागरिक झालेले, म्हणजे कायद्याने तो ब्रिटिश नव्हताच, मग ब्रिटनशी द्रोह केला असं म्हणायचं कसं? तर १९३३ मध्ये पासपोर्ट काढताना त्याने जन्म आयर्लंडमधल्या गॉलवेचा असं खोटंच लिहिलं होतं आणि तो पासपोर्ट २ जुलै १९४० पर्यंत चालू होता. कोर्ट म्हणालं, पासपोर्ट घेतलास म्हणजे राजाचं संरक्षण घेतलंस, आणि संरक्षण घेतलंस तर निष्ठाही देणं लागतोस. त्या मुदतीत तो रेडिओवर बोलला याचा पुरावा काय, तर एका पोलीस इन्स्पेक्टरने आवाज ओळखला एवढाच, आणि राजद्रोहाचा कायदा कुठला लावला तर १३५१ चा. ३ जानेवारी १९४६ ला वँड्सवर्थ तुरुंगात फाशी. माझं स्वतःचं मत असं की जॉइसने केलं ते नीचच होतं, ज्यूद्वेष त्याच्या नसानसांत होता, पण फाशी ज्या आधारावर दिली तो आधार फार तकलादू होता. वर्गात यावर जोरदार वाद झाला आणि मॅडमनी तो मिटवायची घाई केली नाही हे मला फार आवडलं.

दुसरं सेशन पुणेकरांनी तर चुकवूच नये. जॉन अमेरी हा लिओ अमेरीचा थोरला मुलगा, आणि लिओ अमेरी म्हणजे १९४० ते ४५ चा भारतमंत्री, छोडो भारत चिरडण्यामागे जे लोक होते त्यातला एक, त्याचा स्वतःचा जन्म गोरखपूरचा. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई यांना आणून ठेवलं ते आपल्या नगर रोडवरच्या आगाखान पॅलेसमध्ये, महादेवभाई १५ ऑगस्टला तिथेच गेले, आणि त्याच वर्षीच्या शरदात भारतमंत्र्यांचा मुलगा बर्लिनला पोचून हिटलरच्या बाजूने रेडिओवर बोलायला लागला. पुढे त्याने ब्रिटिश युद्धकैद्यांची पलटण उभी करायचा घाट घातला, त्यातून ब्रिटिश फ्री कोअर निघाली, पण एका वेळी तीस माणसंसुद्धा कधी जमली नाहीत. खटल्यात त्याने गुन्हा कबूल केला, सगळं आठेक मिनिटांत आटोपलं, डिसेंबर १९४५ मध्ये फाशी. आगाखान पॅलेसमध्ये लहानपणापासून कितीदा गेलोय, बा आणि महादेवभाईंच्या समाधीपुढे हात जोडलेत, पण ज्याच्या कारकिर्दीत ते तिथे कैदेत होते त्याच्या घरात तेव्हा काय चाललं होतं हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्यात चॅनल आयलंड्स, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची ब्रिटिश राजाच्या अमलाखालची ग्वेर्नसी, जर्सी वगैरे बेटं. जून १९४० च्या शेवटी जर्मन तिथे उतरले ते मे १९४५ पर्यंत, आणि कारभार बराचसा स्थानिक ब्रिटिश अधिकाऱ्यांच्याच हातून चालला. ज्यूंची नोंदणी करायचा हुकूम ग्वेर्नसीच्या कोर्टापुढे आला तेव्हा उघडपणे नाही म्हणाले ते एकटे सर अब्राहम लेने. एप्रिल १९४२ मध्ये तीन ज्यू बायकांना तिथून नेलं, त्या ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या. युद्धानंतर शिक्षा कोणाला? ग्वेर्नसी आणि जर्सी दोन्ही बेटांच्या बेलिफना, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या स्थानिक अधिकाऱ्यांना, सरकारने सर केलं. जॉइस पासपोर्टवर फासावर जातो आणि इथे असल्या हुकमांवर सह्या करणारे सन्मानाने घरी जातात, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायला लावणं हीच या वर्गाची खरी कमाई आहे. याच सेशनमध्ये विनोदी कादंबऱ्या लिहिणारा इंग्रज लेखक वुडहाउसही आला, जर्मनांच्या नजरकैदेतून सुटल्यावर १९४१ मध्ये बर्लिन रेडिओवरून पाच हलकीफुलकी भाषणं केली म्हणून बदनाम झालेला. त्याला जॉइसच्या रांगेत बसवू नका असं मॅडमनी ठासून सांगितलं आणि मला ते पूर्ण पटतं, भोळेपणा आणि फितुरी एका मापाने मोजायची नसते.

आता तक्रार. चौथ्या सेशनला आझाद हिंद सेनेचा प्रश्न निघणार हे उघड होतं, कारण आपल्या डोक्यात तोच असतो. जॉइसला फाशी झाली त्याच जानेवारीत, तेही पहिल्याच आठवड्यात, लाल किल्ल्यातल्या खटल्यातल्या शाहनवाज, सहगल आणि धिल्लन या आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांना सोडून द्यावं लागलं, आरोप राजाविरुद्ध युद्ध केल्याचाच होता. राजा तोच, पण जॉइसने त्याचं संरक्षण स्वतःहून घेतलेलं आणि या तिघांवर तो लादलेला, हा फरक कायद्याच्या भाषेत कसा मांडायचा हे ऐकायला मी आणि अर्धा हॉल कान टवकारून बसलो होतो, आणि मॅडमनी तो शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकला. हॉल दुसऱ्यांना द्यायचा होता म्हणे. वेळ संपली तरी लोक जिन्यात उभं राहून विचारत होते. (जिना उंच आहे आणि लिफ्ट नाही, आईवडिलांना नेणार असाल तर लक्षात ठेवा.)

संयोजकांना विनंती, पुढच्या बॅचला लाल किल्ल्याच्या खटल्याला एक आख्खा रविवार द्या, कागदांसकट. फी वाढवा हवी तर, मी त्या एका सेशनसाठी परत पैसे भरून येईन.