परळमधले ‘डावे’ आणि ‘उजवे’ : एका सशुल्क पायी फेरीचे परीक्षण

राजकारणातल्या ‘डावे’ आणि ‘उजवे’ या शब्दांचा उगम आणि त्यांचे बदलत गेलेले अर्थ गिरणगावातून चालता चालता समजावून देणारी एक फेरी रविवारी सकाळी परळमध्ये काढली जाते. शुल्क माणशी सहाशे रुपये, वेळ सुमारे अडीच तास. निवेदन संपूर्ण मराठीत असते, आणि मुंबईतल्या अशा उपक्रमांत हे विरळाच आढळते.

सुरुवात मात्र रेंगाळते. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाच्या नकाराधिकारावरून वाद पेटला, तेव्हा त्या अधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हाताला आणि विरोधक डाव्या हाताला बसले, ही मूळ हकिकत स्थानकाबाहेरच्या गर्दीत, बसगाड्यांच्या भोंग्यांतून कान देऊन ऐकावी लागते. आपल्या लोकसभेतही सत्ताधारी अध्यक्षांच्या उजवीकडे आणि विरोधक डावीकडे बसतात. पण ही व्यवस्था सत्तेनुसार ठरते, विचारसरणीनुसार नव्हे, त्यामुळे उद्या एखादा साम्यवादी पक्ष सत्तेवर आला तरी त्याचे सभासद उजवीकडेच बसतील. हा खुलासा एका श्रोत्याने प्रश्न विचारला म्हणून झाला. तो मूळ निवेदनातच असायला हवा होता.

दामोदर सभागृहाच्या परिसरात पोहोचल्यावर मात्र फेरीला खरा सूर सापडतो. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग ही समाजसेवी संस्था स्थापन केली आणि १९२० साली मुंबईत आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) ही देशव्यापी कामगार संघटना उभी राहिली तेव्हाही ते तिच्या संस्थापकांत होते. तरीही १९२९ च्या नागपूर अधिवेशनात त्यांना आणि त्यांच्या नेमस्त सहकाऱ्यांना बाहेर पडावे लागले, कारण ब्रिटिश सरकारने कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या ज्या व्हिटली आयोगाचे ते सदस्य होते, त्यावर बहिष्कार घालावा असा बहुमताचा आग्रह होता. कामगारांसाठी आयुष्य वेचलेला हा माणूस कामगार चळवळीतच ‘उजवा’ ठरला. निवेदकाने हा प्रसंग कोणाचीही बाजू न घेता, पुरेसा वेळ देऊन सांगितला, आणि माझ्या मते सहाशे रुपये इथेच वसूल होतात.

पुढचा मुक्काम परळची दळवी बिल्डिंग. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून वाढलेल्या गिरणी कामगार युनियनचा इतिहास इथे सांगितला जातो, आणि त्यात अर्थातच कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे येतात. १९६४ साली कम्युनिस्ट पक्ष फुटला तेव्हा अधिक डावा गट बाहेर पडला, डांगे मूळ पक्षात राहिले, आणि त्या पक्षाला वर्तमानपत्रे सर्रास ‘उजवे कम्युनिस्ट’ म्हणू लागली! लाल बावट्याखाली उभ्या असलेल्या माणसालाही उजवे म्हणता येते, कारण हे शब्द नेहमी शेजारी कोण उभा आहे त्यावरून ठरतात, हे एवढ्या एका उदाहरणाने पटते. रेल्वेमार्ग ओलांडून प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनापाशी, म्हणजे त्याच मूळ पक्षाच्या कार्यालयापाशी, फेरी संपते, तेव्हा हा मुद्दा वेगळा सांगावा लागत नाही.

एक उणीव मोठी आहे. ‘डावे-उजवे करणे’ म्हणजे तुलना करून कमीजास्त ठरवणे, हा प्रयोग मराठीत रोजचा आहे, आणि त्यात डाव्याकडे आपसूक कमीपणा येतो. पूजेत, पंगतीत उजव्या हाताला मान देणाऱ्या समाजात एखादा पक्ष स्वतःला अभिमानाने ‘डावा’ म्हणवून घेतो, यातली गंमत निवेदनात कुठेच आली नाही. फ्रान्ससाठी दिलेल्या वेळेतली दहा मिनिटे इकडे वळवली तरी चालतील.

वाटेत बसायला जागा नाही आणि स्वच्छतागृहाची सोयही आयोजक आधी सांगत नाहीत. वयस्कर श्रोत्यांनी हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावे. शेवटी मिळणाऱ्या छापील पत्रकात १७८९ चा तपशील दोन परिच्छेदांत आहे. १९२९ आणि १९६४ चा उल्लेखही नाही, म्हणून जाताना वही न्यावी.