कुमारांच्या फँटसीसाठी अंक काढायचाय: त्रैमासिक, दिवाळी अंक, वेब की पुस्तकमाला?

१३ ते १८ वयाच्या वाचकांसाठी मराठीत फँटसीचा अंक काढायचं ठरलं की चर्चा आधी पैशांवर जाते. आधी मोजायला हव्यात त्या कथा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, ‘चांदोबा’ १९५२ पासून कित्येक दशकं मराठी घरांत येत होता, ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांनी गूढकथेचा वाचक टिकवला. पण पंधरा-सोळा वर्षांचं पात्र, त्याच्यासमोर खराखुरा पेच आणि स्वतःचे नियम असलेलं जग, अशी कथा सफाईने लिहिणारे लेखक मराठीत रांगेत उभे नाहीत. ते अंकालाच घडवावे लागतात.

आवाहन केलं की काय येतं हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं: पुराणकथेचं पुनर्कथन, भुताची गोष्ट, तात्पर्यकथा, आणि शेवटी आजोबा किंवा गुरू येऊन सोडवतात अशी साहसकथा. यातल्या चांगल्या बीजाची कथा करायची तर रचनेबद्दलचं टिपण, दुसरा खर्डा, भाषा आणि मुद्रितशोधन मिळून सहा ते आठ आठवडे जातात. नोकरी सांभाळून काम करणारा संपादक एका वेळी दोनच कथा नीट हाताळू शकतो. म्हणजे वर्षाला बारा ते पंधरा कथा. पुढचे चारही पर्याय याच आकड्यावर तपासायचे.

छापील त्रैमासिक

डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), ६४ पानं, म्हणजे १६ पानांचे चार फॉर्म, मधली पिन. १२ पॉइंटमध्ये पानाला साधारण २८० शब्द बसतात. संपादकीय आणि चित्रं वजा जाता चार हजार शब्दांच्या चार कथा होतात, वर्षाच्या सोळा. एका संपादकाच्या ताकदीपेक्षा हे किंचित जास्तच. एक लेखक मागे पडला की भरतीचा मजकूर शोधावा लागतो, आणि भरतीची कथा या वयाचा वाचक पहिल्या पानावरच ओळखतो.

दुसरी अडचण क्रमशः कथेची. फँटसीला लांबी लागते, म्हणून क्रमशःचा मोह होतो. चार भागांची कथा त्रैमासिकात वर्षभर चालते. नववीत सुरू केलेली मुलगी शेवटच्या भागापर्यंत दहावीच्या अभ्यासात बुडालेली असते. त्रैमासिक काढायचंच असेल तर प्रत्येक कथा त्याच अंकात पूर्ण व्हावी. जग तेच ठेवून वेगळ्या पात्रांच्या स्वतंत्र कथा चालतील.

नोंदणीसाठी १८६७ च्या कायद्याच्या जागी आलेला २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. शीर्षक आणि नोंदणी यांचा अर्ज आता प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच करता येतो. अर्ज सोपा झालाय, सातत्याची जबाबदारी मात्र तशीच आहे.

दिवाळी अंक

१९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या या प्रथेचा फायदा मोठा आहे. ऑक्टोबरच्या आसपास मराठी घर वाचायला पैसे काढतं, वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी योजना चालवतात, जाहिरातदारांनाही हा हंगाम कळतो. शाळेला सुट्टी असते हे आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं.

तोटा हा की बारा कथा एकाच वेळी तयार लागतात. छपाईला ऑगस्टअखेर द्यायचं तर जुलैच्या मध्यापर्यंत सगळे दुसरे खर्डे हातात हवेत, म्हणजे आवाहन जानेवारीतच. मे महिन्यात आवाहन काढलं की संपादनाला वेळ उरत नाही आणि आलेलं तसंच छापलं जातं. शिवाय स्टॉलवर शेकडो अंकांच्या ढिगात नवं नाव दिसत नाही, आणि दिवाळीनंतर उरलेल्या प्रतींना गिऱ्हाईक मिळणं कठीण. खर्चाचा भार जाहिरातींवर असेल तर एक मोठा जाहिरातदार गळताच पुढच्या वर्षीचा अंक अडचणीत येतो. आधीच चालू असलेल्या साप्ताहिकाचा किंवा संस्थेचा आधार असेल तरच हा मार्ग सुचवावासा वाटतो. ‘साधना’चे बालकुमार आणि युवा दिवाळी अंक याची चांगली उदाहरणं आहेत.

वेब आणि ऑडिओ

महिन्याला एक कथा, वर्षाला बारा. आकडा नेमका बसतो. छपाई नाही, टपाल नाही, आणि वाचक पुणे-नाशिकइतकाच बंगळुरू, दुबई किंवा न्यू जर्सीतलाही असू शकतो. मराठी वाचायला अडखळणाऱ्या पण ऐकायला आवडणाऱ्या परदेशातल्या मुलांसाठी ऑडिओ तर फारच उपयोगी. इंग्रजीत ‘कास्ट ऑफ वंडर्स’ हे या वयोगटासाठी अद्भुत कथा सांगणारं श्राव्य मासिक २०११ पासून चालतंय. चार हजार शब्दांचं वाचन सुमारे अर्ध्या तासाचं होतं. ध्वनिसंपादनाला त्याच्या तिप्पट-चौपट वेळ धरा, आणि संवाद बोलीत असतील तर वाचून दाखवायला ती बोली येणाराच माणूस घ्या.

पण उत्पन्न जवळपास नसतं. वर्गणी एकाच मोठ्या मंचामार्फत घेण्याचा धोकाही ठाऊक असावा: ॲमेझॉनने सप्टेंबर २०२३ मध्ये किंडलवरची मासिकांची वर्गणी बंद केली, तेव्हा इंग्रजीतल्या अनेक विज्ञानकथा-फँटसी मासिकांचे वर्गणीदार एका फटक्यात कमी झाले. वाचकांची ईमेल यादी स्वतःकडेच हवी. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या इंग्रजी विज्ञानकथा-फँटसी मासिकाला यंत्राने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे कथा स्वीकारणं काही काळ थांबवावं लागलं. म्हणून कथा वर्षभर मागवू नका. वर्षातून दोनदा, तीन-तीन आठवड्यांची खिडकी ठेवा. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेतून १९७४ मध्ये जयंत नारळीकर कथालेखक म्हणून पुढे आले. तिथे त्यांनी कथा टोपणनावाने पाठवली होती. नाव न पाहता कथा वाचली की नवा लेखक सापडतो, हे तिथून शिकण्यासारखं.

आणखी एक: ईमेल यादीत अठराखालच्या वाचकाचं नाव घ्यायचं तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. या वयोगटासाठी वर्गणी पालकाच्या नावावर ठेवणंच सोपं पडतं.

पुस्तकमाला

प्रत्येक खंडाला स्वतंत्र नाव आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. सहा हजार शब्दांपर्यंतच्या सहा कथा, १६० पानं. वर्षाला एक, जमलं तर दोन खंड. मराठीतल्या अनियतकालिकांची परंपरा अशीच साहित्य तयार झालं की छापण्याची होती, आणि आपल्या अडचणीवर तोच उपाय लागू पडतो. आयएसबीएन राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो.

खरा फरक टपालात आणि वाचनालयात पडतो. टपाल खात्याच्या १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेत पुस्तक ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर एवढ्यात जातं. ठरावीक मुदतीने निघणारं प्रकाशन आणि जाहिराती असलेलं पुस्तक त्यात बसत नाही. म्हणून खंडावर महिना छापू नका, जाहिरात घेऊ नका, मुद्रक-प्रकाशकाचं नाव मात्र विसरू नका. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर १६० डेमी पानं सुमारे १७० ग्रॅम, २५० जीएसएमचं मुखपृष्ठ १५ ग्रॅम. पाकिटासह ३०० च्या बरंच आत. वाचनालयात अंक काही महिन्यांनी रद्दीत जातो, पुस्तक दाखल होऊन कपाटात राहतं. दहावी संपवून वाचनालयात आलेल्या मुलाला ते दोन वर्षांनीही सापडतं.

हिशेब असा मांडून पाहा. शब्दाला एक रुपया मानधन धरलं तर ३६,००० रुपये, मुखपृष्ठ आणि चित्रं १५,०००, मांडणी आणि मुद्रितशोधन १२,०००, ५०० प्रतींची छपाई प्रत ८० रुपये दराने ४०,०००. एकूण १,०३,०००. किंमत ३०० ठेवली तर थेट विक्रीत टपाल-पाकिटाचे ३५ वजा जाऊन २६५ हाती येतात. ३८९ प्रती विकल्या की खर्च निघतो. दुकानामार्फत ४० टक्के सूट दिली तर १८० मिळतात आणि ५७३ प्रती लागतात, छापलेल्याच ५०० आहेत. तेव्हा आगाऊ नोंदणीशिवाय छपाईला जाऊ नये. दुकानांत दर्शनापुरत्या शंभर प्रती ठेवाव्यात, बाकी थेट विकाव्यात. चित्रकाराचे पैसे तेवढे कापू नका. या वयाचा वाचक मुखपृष्ठ पाहूनच पुस्तक हातात घेतो.

छपाईत ठरलेली चूक मजकूर युनिकोडमधून श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये बदलताना होते. ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ आणि रफार तुटतात. ‘गिऱ्हा’सारखी भुतांची नावं कथाभर बिघडतात. मुद्रितं रूपांतरानंतरची तपासा, आधीची नव्हे. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट युनिकोड वापरता आला तर उत्तम. तिथे वर्ल्ड-रेडी कंपोझर हा भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय निवडलेला हवा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

कोणी काय निवडावं

एकट्या-दुकट्याने सुरुवात करणाऱ्याने पहिलं वर्ष वेबवर बारा कथा द्याव्यात आणि त्यातल्या उत्तम सहा, नव्याने संपादित करून, पहिल्या खंडात छापाव्यात. खंड एप्रिलच्या मध्यात, परीक्षा संपताना हातात पडेल असा आखावा. जानेवारी ते मार्च नववी ते बारावीचा वाचक मिळत नाही. चार संपादक आणि दोन वर्षांचे पैसे हाताशी असतील तर त्रैमासिकाचा विचार करता येईल, तोही तीन अंकांचा मजकूर पूर्ण तयार झाल्यावरच.

कोणताही पर्याय घ्या, लेखकाशी लेखी करार करा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क दिल्याची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. परदेशातला वाचक हवा असेल तर प्रदेश लिहावाच लागतो. पहिल्या प्रसिद्धीचा हक्क, सहा महिने अनन्य, नंतर संग्रहात घेण्याची परवानगी, ऑडिओ हक्काचं वेगळं कलम आणि वेगळं मानधन, एवढं एका पानात बसतं. लेखक अठरा वर्षांखालचा असेल, आणि या अंकाला असे लेखक नक्की येतील, तर त्याची स्वतःची सही करारात टिकत नाही. पालकाची सही घ्या, मानधनही पालकाच्या माहितीने द्या, आणि छापताना त्याची शाळा किंवा गाव देऊ नका.