डिस्क-थ्री-फाइव्ह: रंग खणखणीत, फक्त प्लास्टिकपासून लांब ठेवा

डिस्क-थ्री-फाइव्ह म्हणजे पडद्याच्या दोन बाजूंमधलं व्होल्टेज मोजायचा चमकणारा रंग. सहा महिने वापरून मग लिहितेय. घेण्याआधी मला कुणीतरी साधं "घे" किंवा "नको घेऊ" सांगायला हवं होतं, ते कुणी सांगितलं नाही.

माझं काम हळदीच्या अर्कावर आहे. सांगलीत राहून दुसरं काय करणार! हळदीतला पिवळा करक्युमिन लिपिडच्या, म्हणजे पेशीला असतो तसल्या स्निग्ध पडद्यात शिरला की पडदा आयनांसाठी गळका होतो का, हे बघायचं होतं. पडदा जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाड आणि आमचे लिपोसोम, म्हणजे त्याच पडद्याच्या पोटल्या, १०० नॅनोमीटरच्या. इलेक्ट्रोडचं टोकच त्याहून मोठं, मग खुपसणार कुठं? म्हणून विभवांतर (व्होल्टेज) मोजायला रंग. त्यातही हाच, कारण करक्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश स्वतःच खातो आणि वर चमकतोही. डाय-फोर-ॲनेप्ससारख्या निळ्या प्रकाशावर चालणाऱ्या रंगांच्या तो पायात पाय घालतो. डिस्क-थ्री-फाइव्हला ६२२ ला उजेड द्यायचा आणि ६७० ला मोजायचा. हळद तिकडं फिरकतसुद्धा नाही.

रंगावर धन प्रभार असतो. लिपोसोमच्या आतली बाजू ऋण झाली की तो आत ओढला जातो, तिथं दाटीवाटीनं एकमेकांना चिकटतो आणि चमक विझते. म्हणजे व्होल्टेज वाढलं की उजेड कमी, हे आधी डोक्यात बसवून घ्या. माझा पहिला आठवडा आलेख उलटा वाचण्यात गेला. पद्धत जुनी आहे, १९७४ साली सिम्स, वॅगनर, वांग आणि हॉफमन यांनी तांबड्या रक्तपेशी आणि लिपिडच्या पोटल्या दोन्हींवर ती तपासली होती.

आता तक्रार. पुरवठादाराच्या माणसानं रंगासोबत प्लास्टिकच्या क्युव्हेटचा (उजेड मोजायच्या चौकोनी नळ्यांचा) डबा गळ्यात मारला, "मॅडम, धुवायची कटकट नाही." रंग घातला, अजून व्होल्टेज तयार करणारं व्हॅलिनोमायसिन घातलंही नव्हतं, तोवर आलेख खाली उतरायला लागला. मला वाटलं, वा, लिपोसोम आपणहून चार्ज झाले! शेवटी ग्रॅमिसिडिन घातलं. ते सोडियम-पोटॅशियम दोघांनाही वाट मोकळी करतं, व्होल्टेज शून्यावर येतं, उजेड परत वर चढायला हवा. तो निम्म्यावरच अडकला. तीन दिवस लिपोसोम नव्यानं केले, बफर नव्यानं केला, सरांची बोलणी खाल्ली.

चौथ्या दिवशी लॅबमधले मामा बेसिनपाशी क्युव्हेट धरून उभे. "मॅडम, ह्याला नीळ बसलीया. साबणानं बी जाईना." उजेडात धरून बघितलं, तर आतल्या चारही भिंतींवर फिकट निळा थर. रंग लिपोसोममध्ये कमी आणि प्लास्टिकमध्ये जास्त गेला होता. तेव्हापासून क्वार्ट्झच. काचेलाही थोडा चिकटतोच, पण दर वेळी इथेनॉलनं धुतलं की भागतं. पातळ द्रावण प्लास्टिकच्या नळीत करून ठेवू नका, तिथंही तेच होतं.

दुसरी गोष्ट, हा रंग मिलिव्होल्ट सांगत नाही. तो फक्त कमी-जास्त सांगतो, आकडा आपण बसवायचा. आत १०० मिलिमोलर पोटॅशियम, बाहेर सोडियम, आणि फक्त पोटॅशियमला वाट देणारं व्हॅलिनोमायसिन (विषारी आहे, हातमोजे घाला). बाहेर पोटॅशियम १ मिलिमोलर ठेवलं तर नर्न्स्टच्या सूत्रानं (आत-बाहेरच्या आयनांवरून व्होल्टेज काढायचं सूत्र) २५ अंशाला उणे ११८ मिलिव्होल्ट, १० ठेवलं तर उणे ५९. असे पाच-सहा बिंदू घेऊन स्वतःची रेघ काढायची, आणि ती सरळ येईल अशी आशा धरायची नाही. लिपिडचं प्रमाण बदललं की रेघही बदलते. आमच्याकडं मे महिन्यात लॅबमध्ये ३४ अंश असतं, त्या तापमानाला तेच ११८ चं १२२ होतं. पुस्तकातले ५९ डोळे झाकून वापरू नका.

वेग बेताचा. उजेड स्थिर व्हायला काही सेकंद लागतात, तेव्हा मज्जापेशीतली झटपट स्पंदनं पकडायला हा नाही. माझ्या कामाला चालतो. पण फ्लुओरोमीटरचा (चमक मोजायच्या यंत्राचा) डिटेक्टर ६७० ला नीट बघतो का, हे आधी विचारून घ्या. आमचं जुनं यंत्र तांबड्याकडं जवळजवळ आंधळं, म्हणून मला दर शनिवारी थर्माकोलच्या डब्यात बर्फावर लिपोसोम घेऊन एस.टी.नं कोल्हापूर गाठावं लागतं.

पॅकबद्दल मात्र डोकं फिरतं. आम्हाला १०० मिलीग्रॅमची बाटलीच मिळाली, लहान नाहीच म्हणाले. २ मिलीलिटरच्या क्युव्हेटला १ मिलिमोलर द्रावणाचा १ मायक्रोलिटर पुरतो. म्हणजे एका मिलीग्रॅममध्ये अठराशे प्रयोग! बाकीची बाटली फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये आहे, मामांनी वर "नीळ - हात लावू नये" अशी चिठ्ठी डकवलीय.

पाचपैकी चार तारे, एक पॅकपायी कापला. मिरज, कराड, इस्लामपूरकडं कुणी हेच काम करत असेल तर नवीन बाटली मागवू नका, माझ्याकडून दोन मिलीग्रॅम घेऊन जा. येताना काचेची कुपी आणा.